बिडाची पुली

चांगलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, टण्ण वाजतं, चिरलेलं बद्द वाजतं. चौथी शिकलेल्या बाईला कारखाना चालवायला एवढं पुरतं, असं माझे यजमान म्हणायचे. ते, अण्णाप्पा, गेले तेव्हा शिरोलीतल्या आमच्या फौंड्रीत साठ माणसं कामाला होती आणि आमचा मुलगा जिनेंद्र अजून कॉलेजात होता. भाऊबंद म्हणाले, विकून टाका, बाईमाणसाचं काम नव्हे. मी दुसऱ्याच दिवशी हातोडी घेऊन कारखान्याच्या दारात खुर्ची टाकली. बाहेर जाणारा नग तारेला टांगायचा आणि ठोकायचा. टण्ण वाजला तर खडूची खूण, बद्द वाजला तर परत भट्टीत. त्याच भाऊबंदांची पोरं आता भेटली की पाया पडतात. मी पडू देते.

पुढं तपासायची मशिनं आली. तरी जोखमीचा माल अक्काच्या, म्हणजे माझ्या, कानाखालून गेल्याशिवाय हलत नाही, असं सगळी शिरोली म्हणायची.

तो कान दोन वर्षांपूर्वी गेला. डावा पार गेला, उजव्यात पिठाची गिरणी चालल्यासारखी नुसती घरघर. डॉक्टरकडं गेले नाही. कानात मशीन घातलेली म्हातारी बीड ऐकते म्हटल्यावर लोक तोंडावर पदर धरून हसले असते. मी माझी सोय केली. समोर बसून बोलणाऱ्याचे ओठ बघायचे. बाकीच्या वेळी आपणच बोलायचं. जो सारखा बोलतो त्याला ऐकावं लागत नाही. आणि ठोकताना आकारामच्या तोंडाकडं बघायचं. आकाराम आमचा जुना माणूस, नग तारेला टांगायचं काम त्याचं. नग वाईट असला की त्याची पापणी खाली पडायची. मी खडू ठेवून द्यायची. त्याच्या तोंडावरचं मी चोरून वाचते हे त्याच्या गावीही नाही, अशी माझी समजूत होती.

आमचा नातू अनेकांत, जिनेंद्रचा मुलगा, इंजिनिअर झाला आणि त्यानं एक छोटी गाडी घेतली. चार माणसं बसली तर पाचव्याला टपावर घालावं लागेल, एवढीशी. हातकणंगल्याच्या अलीकडं माळावर पोरं मोटारींची शर्यत लावतात, त्यात त्याला पळवायची होती. मागच्या खेपेला सगळ्यांच्या शेवटी आला होता. आमच्या घरातलं माणूस शेवटी आलं हे मला त्याच्यापेक्षा जास्त लागलं.

"आज्जी, गाडीला सुपरचार्जर बसवायचा," तो म्हणाला. "इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो आणि आत हवा दाबून कोंबतो. ताकद वाढते."

"म्हंजे भट्टीचा ब्लोअर की. त्यात काय येवढं?"

त्याच्याबरोबर गौस आला होता. गौसचा बाप आमच्याकडं तीस वर्षं मोल्डर होता, वाळूचे साचे करायचा. पोरगं गाड्यांत रमलं, नाक्यावर गॅरेज टाकलं. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली की आत काय दुखतंय ते सांगायचा. मिस्त्री लोक त्याला बोलवायला यायचे.

"अक्का, पोराला सांगा, दम धर म्हणून," गौस म्हणाला. "किट मागवूया. पेटी फोडली की सगळं मापाचं भाईर येतंय. पुली, पट्टा, ब्रॅकेट, बोल्टसुदिक."

"दोन म्हैन्यांनी!" अनेकांत उसळला. "शर्यत पंधरा दिवसांवर हाय. आज्जी, पुण्याला भंगारात एक मिळालाय. ठोकलेल्या विलायती गाडीचा. आतनं एकदम चांगला हाय."

"जुन्याला माझी ना न्हाई. मी उघडतो, बेअरिंगा बदलतो. पर त्याची पुली मोडल्याली हाय, आन् मापबी येगळं. पुली तेवढी किटवाल्याकडनं मागवू. एकटी पुली आठ दिसांत येती. ती पोलादाच्या सळईतनं कापून काढल्याली असती."

"केवढी ही पुली?" मी विचारलं.

गौसनं आवळलेली मूठ पुढं केली.

मूठभर चाक! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गौस, तुझा बा आमच्याकडं काय करत हुता रं?"

"मोल्डर हुता की."

"मग? दारात दुभती म्हस आन् ताकाला गावभर हिंडायचं? पुली आमी वततो."

"अक्का, ही मिनटाला बारा हजार फेरं घेती. बीड ठिसूळ—"

"ठिसूळ तुझी जीभ. तुझ्या बानं वतल्याली चाकं अजून उसाच्या चरकात फिरत्यात."

"चरक सावकाश फिरतोय, अक्का. मी काय म्हंतो, बाकी सगळं जुनं घालू, पुली तेवढी—"

"किट, किट! किट म्हंजे दुसऱ्याच्या घरचा डबा. ज्याला चूल पेटवता येत न्हाई त्यानं मागवावा. वतल्यावर मी ठोकून बगतो. मग तर झालं?"

आमच्याकडं बायकाही असंच बोलतात, बघतो, करतो. गौस हसला आणि हात जोडले. "तुमी ठोकल्यावर माझी काय बिशाद?"

पुली ओतली. लेथवर कातून चकचकीत झाली. मूठभर, पण अशी देखणी की देव्हाऱ्यात ठेवावी. गौस न्यायला आला त्या दिवशी आकाराम पुतणीच्या लग्नाला गारगोटीला गेलेला. मी पुली स्वतःच तारेला टांगली. अनेकांत समोर उभा होता, गौस बाजूला. मी हातोडी मारली.

काही नाही. गिरणीची घरघर.

परत मारली. बोट लावून बघितलं, बोटालाही काही सांगता येईना. समोर आकारामचं तोंड नव्हतं म्हणून मी अनेकांतच्या तोंडाकडं बघितलं. त्याच्या तोंडावर दिवाळी. टण्ण कुठलं आणि बद्द कुठलं हे त्या पोराला जन्मात कळलं नव्हतं, त्याला फक्त गाडी दिसत होती. मला तेवढं पुरलं. गौसच्या तोंडाकडं मी बघितलंच नाही. त्याचा कान कसा आहे हे मला माहीत होतं, आणि तरीही बघितलं नाही.

"टण्ण हाय," मी म्हटलं आणि खडूनं खूण केली. "जा घेऊन."

गौस जागचा हलला नाही. त्याचे ओठ हलल्यासारखे वाटले. मी तोवर हातोडी ठेवून जिनेंद्रच्या केबिनकडं वळले होते.

चौथ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, गौस उघड्या बॉनेटवर वाकला. स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला होती. "दे जरा रेस," तो अनेकांतला म्हणाला. अनेकांतनं पाय दाबला. गौसनं बोटानं आणखी दे अशी खूण केली. अनेकांतनं आणखी दाबला. पुलीचे तीन तुकडे झाले. एक गॅरेजचा पत्रा फाडून गेला, एक गाडीखाली सापडला. तिसरा गौसच्या तोंडावर आला.

उजवा डोळा जागेवर गेला. डाव्यात बिडाचा चुरा शिरला. डॉक्टर म्हणाले, उजेड कळेल, माणूस कळणार नाही.

अनेकांत घरी आला आणि शर्ट न बदलता माझ्यासमोर बसला. त्याच्या मुठीत गाडीखालचा तुकडा होता. तो मी घेतला. नवं फुटलेलं बीड राखाडी चमकतं, साखरेच्या दाण्यासारखं. या तुकड्याच्या फुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग चमकत होता. अर्धा काळा होता. काळा म्हणजे जुनी चीर. साच्यात असतानाच पडलेली, माझ्या हातोडीखालून गेलेली. मी तो तुकडा कनवटीला लावला आणि कुणाला काही बोलले नाही.

पोलीस यायच्या आधी जिनेंद्रनं एक कागद टाइप करून आणला. कारखाना माझ्या नावावर, म्हणून सही माझी लागत होती.

"आई, पुढच्या आठवड्यात गिऱ्हाईक कंपनीची माणसं तपासणीला यायची आहेत. आपला माल फुटला आणि माणूस आंधळा झाला म्हटल्यावर वर्षाचं काम जाईल. साठ घरांच्या चुली आहेत."

मला वाचता येतं, सावकाश. 'सदर पुली आमच्या कारखान्यात तयार झालेली नसून मेकॅनिकने ती जुन्या सुपरचार्जरसोबत भंगारातून आणली होती.' मी दोनदा वाचलं. साठ घरांचं जिनेंद्र बोलला, पण माझ्या डोळ्यांसमोर साठ घरं नव्हती. अक्काचा कान गेला, असं नाक्यावर कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, तेवढंच दिसत होतं. मी सही केली.

"गौसचीही लागेल," जिनेंद्र म्हणाला.

"मी आणतो. माझा शब्द त्यो मोडायचा न्हाई."

गौसच्या घरी त्याच्या बायकोनं, मेहमुदानं, दार उघडलं. पाट दिला नाही, पाणी दिलं नाही. गौस कॉटवर बसला होता, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. मी आल्याचं तिनं सांगितलं तसा तो उठायला लागला.

"बस," मी म्हटलं. "एक कागद हाय. सही लागती."

त्यानं हात पुढं केला. कागद हातात देऊन काय उपयोग, हे मला तेव्हा सुचलं. वाचून दाखवायला तिथं माझ्याशिवाय कोण होतं? मेहमुदा आमच्यासमोर हात बांधून उभी. मग मीच वाचलं. अक्षराला अक्षर लावत, शाळेतल्या पोरीसारखं. 'मेकॅनिकने' इथं आले आणि जीभ अडखळली. तरी शेवटपर्यंत वाचलं.

गौस काहीतरी बोलला. पण मी कुठं बसले आहे हे त्याला दिसत नव्हतं. तो भिंतीकडं तोंड करून बोलला आणि मला ओठ दिसले नाहीत.

"हां, खाली उजव्या बाजूला कर सही," मी म्हटलं.

मेहमुदा माझ्याकडं बघायला लागली. गौस परत भिंतीला काहीतरी बोलला.

"व्हय, पेन आणलाय मी," मी म्हटलं.

मेहमुदा चालत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि तिचं तोंड माझ्या तोंडासमोर आणलं.

"अक्का, त्यांनी तुमाला इचारलं, मी आता काय म्हटलं सांगा. आन् त्याच्या आधी काय म्हटलं ठावं हाय? त्यांनी म्हटलं, त्या दिशी मला बद्द ऐकू आलतं."

मी कागद मांडीवर आपटला.

"मग बशीवली कशापायी?" मी ओरडले. गौसवर ओरडले, आंधळ्या माणसावर. "ऐकू आलं तर बोलला का न्हाईस?"

आता त्यानं माझ्या आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं. पट्टीखालचे ओठ मला दिसले.

"दोनदा म्हटलं हुतं, अक्का, पुली भाईरनं मागवू. तिसऱ्यांदा धीर झाला न्हाई. तुमी टण्ण म्हणला. माझा बा तुमच्या कानाची शपथ घ्यायचा. मला वाटलं, माझाच कान बिघडला आसंल."

"आन् माझा गेलाय हे तुला ठावं हुतं?"

उत्तर मेहमुदानं दिलं.

"सगळ्या शिरोलीला ठावं हाय. आकाराम तुमाला पापणीनं सांगतोय. मुद्दाम पाडतोय त्यो पापणी. आकारामच्या बायकोनं मला सांगिटलंय. तुमचा मान ऱ्हावा म्हणून सगळे गप."

पापणी. दोन वर्षं मला वाटत होतं मी चोरते आहे, आणि तो मला वाढत होता, भिकाऱ्याला वाढावं तसं.

"द्या कागूद," गौस म्हणाला. "करतो सही. तुमच्या घरावर बा जगला."

"करून बगा!" मेहमुदा म्हणाली. "भंगार घालून पोराला मारायला निघाला, असं नाक्यावर म्हंत्यात ते कमी हाय? डोळं गेलं, आता नावबी द्या."

मी कागद फाडला नाही. फाडला असता तर त्यांना वाटलं असतं, म्हातारी नाटक करते. घडी घातली आणि घेऊन निघाले. मेहमुदानं मागून दार लावलं. ते कसं वाजलं, मला माहीत नाही.

अनेकांतला घेऊन मी थेट पोलीस चौकीत गेले. टेबलावर सही केलेला कागद ठेवला, त्यावर कनवटीचा तुकडा ठेवला.

"हा कागूद खोटा हाय. पुली आमची. ही काळी चीर बगा, ती आमच्या साच्यातली. ठोकून मी पास केली आन् मला कायबी ऐकू आलं न्हवतं. लिवा."

हवालदार खाली मान घालून लिहायला लागला. लिहिता लिहिता काहीतरी विचारत होता, मान वर न करता. नेहमीची सवय, मी आपलं काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग थांबले.

"मोठ्यांदा बोल, बाबा," मी म्हटलं. "आन् माझ्याकडं बघून बोल. मी बहिरी हाय."

त्यानं मान वर केली. अनेकांत माझ्या शेजारी रडायला लागला होता, तेही मला त्यानं खांदा टेकवला तेव्हा कळलं.

कंपनीचं काम गेलं. साठातली पंचवीस माणसं दुसरीकडं लागली, काही घरीच आहेत. हातोडी आकारामकडं दिली. तो ती दोन्ही हातांनी घेतो आणि माझ्याकडं बघत नाही. जिनेंद्र माझ्याशी बोलत नाही, असं सून सांगते. बोलत असेलही. गौसचं गॅरेज त्याच्या भाच्यानं घेतलं. गौस तिथं खुर्ची टाकून बसतो, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून सांगतो, भाचा करतो. मी तिथून जाते तेव्हा रिक्षा थांबवते आणि त्याला हाक मारते. तो हाकेच्या रोखानं तोंड वळवतो, मला ओठ दिसावेत म्हणून, आणि काहीच बोलत नाही.