माणसांची खोली

फ्रिज एकदम गुरगुरला आणि घरातली शांतता मोडली. पाठोपाठ गल्लीभर आरोळी उठली, "लाइट आली!"

माझ्या सासूबाई, सेनाइदा, कॉफी अर्धी टाकून उठल्या. "मायलेन, लाइट चारच तास आहे. आण तो पेनड्राइव्ह."

जेवणाच्या टेबलावर कम्प्युटर पोट उघडून पडला होता. जुना बोर्ड जळाला म्हणून माझ्या नवऱ्याने, ओस्निएलने, परदेशातून, मोंतेविदेओहून, दुसरा पाठवला होता, लेकीसाठी, लियानेतसाठी, घेतलेल्या लोकरी मोज्यांत गुंडाळून. सासूबाईंनी तो काल बसवला. पण जुनी विंडोज त्यावर सुरूच होईना. ती नव्याने घालणं भाग होतं. आणि त्याच डिस्कवर ओस्निएलचा आवाज होता. जाण्याआधी त्याने लियानेतसाठी चाळीस गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. दुसरी प्रत काढू, काढू म्हणता राहूनच गेली.

पेनड्राइव्ह लावला. पडदा काळाच. आणि मला आठवलं.

"आई... शनिवारी आठवड्याच्या मालिकांची डिस्क घरोघरी फिरत आली ना, तेव्हा ओब्दुलियाबाईंना तुर्की मालिका यात भरून दिली. आधीचं पुसून."

"विंडोज पुसलीस?"

"साठ भाग होते. मावेनात."

खिडकीच्या गजांपलीकडून शेजारच्या ओब्दुलियाबाई म्हणाल्या, "पण काय मालिका आहे गं, सेनाइदा! तो डॉक्टर तर..."

"मग त्यालाच बोलव आता, हे मशीन जिवंत करायला!"

सासूबाई आत गेल्या आणि कपाटातला बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. आत कापडात बांधलेली विंडोजची एक सीडी होती. साखर कारखान्यात ऊस तोलायच्या काट्यावरच्या कम्प्युटरांवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली. कारखाना बंद पडला त्या दिवशी कोणी पंखे उचलले, कोणी खुर्च्या. यांनी एवढंच आणलं. तेव्हा सगळे हसले होते.

तेवढ्यात ओब्दुलियाबाईंचे यजमान, रिगो, सल्ला घेऊन दारात हजर. "सगळी डिस्क पुसून टाक, सेनाइदा. मीही तसंच करतो. नाहीतर माझ्या भाच्याची वाट बघ, तुम्हा बायकांना..."

"रिगो, तुझा भाताचा कुकर कोणी दुरुस्त केला?"

रिगो दारातच बसला.

सीडी आत गेली आणि पडद्यावर डिस्कचे दोन भाग आले. नाव नाही, नुसते आकडे, तेही जवळजवळ सारखे. एक पुसायचा, एक राखायचा. सासूबाईंनी शांतपणे कम्प्युटरचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं होतं: पहिली खोली मशीनची, दुसरी माणसांची. पुढे दोन्ही खोल्यांचे आकडे.

"कारखान्यात शिकले," त्या म्हणाल्या. "मशीन मेलं तरी माणसांना धक्का लागता कामा नये. अठ्ठावीस वर्षांत माझ्या मशीनवरून एका ऊसतोड्याचं नाव गेलं नाही, पोरी."

आणि त्यांनी बटण दाबलं. आमच्याकडे न बघता.

तीन तास कोणी घरी गेलं नाही. लियानेत आजीच्या मांडीवर बसून टक्के वाचत होती. नव्वदच्या पुढे तर रिगोही मोठ्याने मोजू लागला.

सुरू झालं. सासूबाईंनी हात धुतले, एप्रनला पुसले आणि मग दुसरी खोली उघडली. चाळीसच्या चाळीस.

"लियानेत, झोपलीस का गं, माकडे?" ओस्निएल म्हणाला.

ओब्दुलियाबाई डॉक्टरसाठी रडल्या नसतील तेवढ्या रडल्या. रिगोने टोपी काढली. सासूबाई मात्र पेन्सिल शोधत होत्या. झाकणाच्या आत त्यांनी आजची तारीख घातली आणि खाली पूर्ण सही केली: सेनाइदा पेद्रोसो लामास. कारखान्यात करायच्या तशी, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून. या घरात येऊन मला सात वर्षं झाली, त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदा पाहिलं. लेकीला मोठेपणी दाखवायला ते झाकण जपायचं, मी तिथेच ठरवलं.

गोष्टीतलं कासव नदीच्या मध्यावर आलं आणि फ्रिज थांबला. ओस्निएलचा आवाज अर्ध्यावर तुटला. लाइट गेली.

"घाबरू नकोस," मी लियानेतला जवळ घेतलं. "बाबा आहेत आत, त्यांच्या खोलीत."

ती थोडा वेळ झाकणावरची सही बोटाने गिरवत राहिली.

"आई, बाबांचं तिकडे सगळं नवीन आहे ना? मग आपली, माणसांची खोली त्यांनी राखलीय का?"