खोरफक्कानाक पोचलेली बस

दर्शनाच्या घरात रोज सकाळी सहाला एकच आरोळी उठायची. "उठ गो चेडवा, बस खोरफक्कानाक पोचली!"

खोरफक्कान म्हणजे पार डोंगरापलीकडचा दुसरा समुद्र. शाळेची बस जन्मात कधी तिकडे गेली नव्हती. ती आपली आखाताच्या या काठाने अजमानहून शारजाला जायची, तीही रडतखडत. पण आईचा तो कुडाळी आवाज असा खणखणीत, की भिंतीपलीकडचे वसईचे एडविन अंकलही त्याच आरोळीवर दाढीला बसायचे.

डिसेंबरात तो आवाज घोगरा झाला. जानेवारीत डॉक्टरांनी घशातली गाठ दाखवली. आई कुडाळला मामाकडे गेली, गोव्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं. जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. दर्शनाची दहावी, परीक्षा मार्चमध्ये, म्हणून ती इथेच राहिली. बाबा आठवडाभर रुवैसच्या रिफायनरीत असायचे, ते गुरुवारी संध्याकाळी यायचे. मधल्या दिवसांत तिचं ताट शेजारी, अंकलच्या बायकोकडे, लुसी आंटीकडे.

पण हातपाय गाळून बसेल ती दर्शना कसली! "आईचा आवाज मी सेव्ह करणार," तिने जाहीर करून टाकलं.

ही ऐट उगाच नव्हती. अंकलच्या ऑफिसातला मोडीत निघालेला कॉम्प्युटर तिच्याकडे आला होता आणि त्यावर लिनक्स होतं. अख्ख्या वर्गात लिनक्सवाली ती एकटीच. गेल्याच महिन्यात तिने उभं राहून कॉम्प्युटरच्या टीचरची चूक दाखवली होती, आणि टीचरनी ती मान्य केली होती. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नव्हते.

आईशी भेट शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी व्हायची. नेटवरून आवाज न्यायला इथे बंदी होती, त्यामुळे इथल्या सगळ्यांची रीत ठरलेली: चेहरा पडद्यावर, बोलणं फोनवर. आई कुडाळच्या सायबर कॅफेत कॅमेऱ्यापुढे बसायची, कॅफेवाल्याचा फोन कानाला लावून. इकडे दर्शना फोनच्या प्रीपेड कार्डाचे सतरा आकडे दाबून रिसीव्हर मानेत धरायची. इतकी वर्षं सगळे असंच बोलत होते, त्यात कुणाला काही वेगळं वाटतच नव्हतं.

"मग टेप लावूया की," बाबा म्हणाले. "स्वयंपाकघरात आहे तो. रिसीव्हरजवळ धरला की झालं."

"बाबा, प्लीज! टेप? कॅसेट गुंतली की खलास. मला आई दिसायला पण हवी, बोलताना."

"बरं बाई, तू शहाणी." टेप कपाटावरच राहिला.

पडद्यावरचं जसंच्या तसं टिपणारी तीन सॉफ्टवेअर तिने शोधून काढली आणि तिघांचं बारसंही करून टाकलं. पहिला 'मुका'. चित्र असं नितळ की डोळ्याची पापणी दिसावी, पण आवाजाचं नाव नाही. दुसरा 'बेडूक'. हा आवाज टिपायचा, पण चित्र उड्या मारायचं. तिसऱ्याचं नाव 'जावईबुवा'. एक फाइल दिली की दुसरी मागायचा, दुसरी दिली की तिसरी. चार दिवस त्याची सरबराई केली तरी तो काही घरात आला नाही.

तीन आठवडे भूगोलाच्या वहीची मागची पानं याच हिशेबात भरली. शेवटी ती अंकलकडे गेली.

"साऊंड मस्ट असेल तर बेडूक," अंकल म्हणाले. "पण पिक्चर उड्या मारणार हां, मग मला बोलू नकोस."

"साऊंड मस्ट आहे, अंकल."

तिने माईक जोडला आणि त्यात ओरडली, "टेस्टिंग, टेस्टिंग, बस खोरफक्कानाक पोचली!" बेडकाने शब्द न् शब्द परत म्हणून दाखवला. दर्शनाने खोलीभर नाचून घेतलं. 'मुका' तिने पुसून टाकला.

ऑपरेशनच्या आधीचा शेवटचा शुक्रवार आला. बाबा आईशी दोनच मिनिटं बोलले आणि डोळे पुसत रिसीव्हर तिच्या हाती देऊन गॅलरीत गेले.

"आई, रेकॉर्डिंग चालू आहे! आता तुझा आवाज कायमचा माझ्याकडे, कळलं?"

कानात आईचं घोगरं हसू आलं. आई बोलत होती. पेपर लिहिताना पाणी पित जा म्हणाली, लोणच्याची बरणी उन्हात ठेव म्हणाली, तुझ्या जन्माच्या वेळी मी किती ओरडले होते ठाऊक आहे का म्हणाली. मध्येच दर्शना जावईबुवाची गोष्ट सांगून मोकळी झाली. शेवटी म्हणाली, "आई, आता ते म्हण. बसचं." आईने दम घेतला, आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ती म्हणाली.

ऑपरेशन नीट झालं. पुढच्या गुरुवारी बाबा आल्यावर दोघं कॉम्प्युटरसमोर बसले.

आई दिसली. उड्या मारत दिसली. तोंड उघडं, मग मिटलेलं, मग मान भलतीकडेच. आणि आवाज आला तो दर्शनाचा. "हो गं... हो... नाही, ऐक ना, माझा जावईबुवा आहे ना..." पुन्हा आईचं तोंड हललं. पुन्हा दर्शना. "हो, ठेवते उन्हात."

तिने आवाज वाढवला. स्पीकरची वायर काढून पुन्हा लावली. आणि मग तिची नजर टेबलावरच्या फोनवर गेली.

आईचा आवाज कॉम्प्युटरमध्ये आलाच नव्हता कधी. तो फोनच्या तारेतून थेट तिच्या कानात आला होता, आणि तिथेच संपला होता. माईकने इमानेइतबारे टिपली होती ती तिचीच बडबड, अकरा मिनिटं.

बाबा एका शब्दाने टेपचं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. ते इतकंच म्हणाले, "पुन्हा लाव." आणि पडद्याजवळ वाकून, आईच्या उड्या मारणाऱ्या ओठांवर बोट ठेवत सांगू लागले, "हे बघ, इथे ती 'बरणी' म्हणतेय." दर्शनाने तोंड उशीत खुपसलं.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी सकाळी, आई पुन्हा कॅफेत आली. गळ्याभोवती पांढरी पट्टी. दर्शनाने सवयीने नंबर लावला, आईनेही सवयीने फोन उचलला. कानात नुसता कॅफेतला पंखा.

"आई?"

आईने मामेभावाची पाटी उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. माझो आवाज इलो काय त्यात?

"आला," दर्शना म्हणाली. "एकदम क्लिअर."

आईचा चेहरा उजळला. तिने पाटी पुसली, लिहिलं, पुन्हा धरली. मगे माका ऐकव.

बाबा मागे उभे होते, त्यांनी दर्शनाच्या खांद्यावर हात ठेवला. दर्शनाला खोटं पुढे रेटता येईना, खरं सांगता येईना. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, डोळे मिटले आणि आई घ्यायची तसा पोटातून दम घेतला.

"उठ गो चेडवा," ती म्हणाली. आवाज मध्येच फाटला. "बस... खोरफक्कानाक पोचली."

डोळे उघडले तेव्हा पाटी खाली गेली होती. आईला कळलं होतं. गालांवरून पाणी वाहत होतं, पण फोन तिने कानाला आणखी घट्ट दाबून धरला होता, आणि मोकळ्या हाताने ती खूण करत होती. पुन्हा. पुन्हा म्हण.