करपलेला सरस

आमच्या शेंडेफळाचं, म्हणजे सगळ्यांत लहान बहिणीचं, लग्न झालं त्या वर्षीची ही गोष्ट. आमचे दोघे भाऊ सुतार, एकाच दुकानात काम करायचे. लग्नाआधी चर्चची नवी बाकं पुरी करायची म्हणून घाई चालली होती. सांधा जोडायचा तर सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, गरम असतानाच लावावा लागतो. गार सरस वरवर धरतो आणि पुढे दगा देतो. थोरल्याने एका बाकाला तसाच गार लावला.

"दादा, पुन्हा तापव," धाकटा म्हणाला.

"धरेल रे."

लग्नाच्याच दिवशी ते बाक मोडलं. आमच्या चर्चच्या पाळकांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, आई पडल्या, कमरेचं हाड मोडलं. लोक विचारू लागले तेव्हा थोरल्याच्या तोंडून निघून गेलं, "ते धाकट्याच्या हातचं."  धाकट्याने आपली हत्यारं उचलली, मागच्या गल्लीत वेगळं दुकान टाकलं आणि चर्चला येणं सोडलं.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत प्यायच्या द्राक्षरसाचा, प्याला चर्चमध्ये हातोहात फिरतो. ज्याचं कुणाशी बिनसलं असेल, त्याने न पिता तो पुढे द्यायचा. थोरला दर वेळी पुढे देऊ लागला. कुणी विचारलं की पोटावर हात ठेवायचा.

वहिनीला त्याने घरी खरं सांगितलं होतं. ती म्हणायची, "तुमचं पोट बरं प्याला बघूनच दुखतं!"

"सांगेन गं. जरा लोक विसरू देत."

"विसरले की मग कुणाला सांगणार?"

असं ते घोंगडं भिजत पडलं. थंडीत धाकट्याला न्यूमोनिया झाला. थोरला दुकानात सरस ढवळत होता. वहिनी दारातूनच म्हणाली, "गार झाल्यावर जोडायला जाऊ नका. एक बाक मोडलं तेवढं पुरे."

तो तसाच उठला. मी धाकट्याच्या उशाशी बसले होते. थोरला भुशाने माखलेला, सरस ढवळायची काडी हातात तशीच घेऊन आत आला.

"दादा, सरस चुलीवरच ठेवून आलास ना? करपेल."

"करपू दे. ते बाक मी केलं होतं."

"मला काय सांगतोस? दुकानात आपण दोघंच होतो." धाकट्याला खोकल्याची उबळ आली. "त्यांना सांग."

त्या रविवारी प्याला निघायच्या आधी थोरला उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं.

पाळकांच्या आई काठी आपटत म्हणाल्या, "मेल्या, आधी बोलायचंस! इतके दिवस त्या गरिबाला बोल लावला मी. आता मलाच माफी मागायला जावं लागणार." आणि खरंच गेल्या, धाकट्याच्या घरचा जिना चढून.

थोरला त्या दिवशी प्याला प्यायला.

धाकटा बरा झाला, चर्चला येऊ लागला. दोघांनी मिळून ते बाक पुन्हा केलं. त्या थंडीत आम्ही सगळ्यांनी धाकट्याच्या जिवाची धास्ती घेतली होती. थोरल्याला कधी साधा तापही आला नव्हता. धाकटा आजही दुकान चालवतो. थोरला वारला तो शेंडेफळाला पहिला मुलगा झाला त्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, रंधा मारता मारता.