पिल्लांवरची मरळ

मुदतीचा ताप उतरला तरी वेणूच्या पोटात काही ठरेना. पेज दिली की ओकायची, दूध तर तोंडाजवळसुद्धा आणू द्यायची नाही. पनवेलहून आलेल्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, शिवाला, अंगणात बोलावलं आणि हळूच सांगितलं, "औषधाचं काम संपलं. आता अन्न जायला हवं. नाहीतर ही हातची जाईल."

संध्याकाळी वेणू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली, "मरळीचं कालवण असतं तर घोटभर प्याले असते."

किती दिवसांनी तिनं काही मागितलं होतं. पण आषाढ चाललेला. होड्या किनाऱ्याला ओढून ठेवलेल्या, गावात, सुकापुरात काय नि पनवेलच्या बाजारात काय, सुक्या मासळीशिवाय काही नव्हतं. आणि मरळ तर गोड्या पाण्यातली. ज्याला मिळते तो घरीच खातो. शिवानं दोन्ही मुलींना बहिणीजवळ, शकूजवळ सोपवलं आणि भिजतच पनवेल गाठलं.

बाजारात हसनचं दोर-कंदिलांचं दुकान होतं. शिवाचं तोंड बघूनच हसन गल्ल्यावरून उठला. "वैनी कशी हाय?"

शिवानं सांगितलं.

"तुळशाला घेऊ," हसन म्हणाला. "उद्या उजाडताच तळ्यावर. मरळ मिळणार, इन्शाअल्ला."

हे तिघं लहानपणापासूनचे. सुकापूरच्या मागं, डोंगराच्या पायथ्याला तळं होतं, तिथं गरी टाकून मासे गरवायला जायचे. पुढं लग्नं झाली, कामधंदे लागले, आणि ते सुटलं. सुटलं नव्हतं ते फक्त तुळशीरामचं. तो पूर्वी मीठ खात्याच्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर होता. साहेब त्याला काश्मीरला तळ्यांवर घेऊन जायचा, ट्राउट नावाचा मासा धरायला. गांडूळ नाही, बेडकी नाही. कोंबड्याची पिसं बांधलेली गरी पाण्यावर माशीसारखी नाचवायची, की मासा उडी मारून घेतो. देश सोडताना साहेबानं आपली वेताची काठी तुळशीरामला दिली. तळ्यावरची पोरं त्याला हसायची, पण मरळ त्या पिसांना भुलायची, हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

सकाळी पाऊस थांबला होता. तुळशीराम गुडघाभर पाण्यात उतरला. काठी मागं जायची, दोरी डोक्यावरून लांब पसरायची आणि पिसं कमळाच्या पानांपलीकडे अलगद टेकायची. हसन दुसऱ्या काठाला बेडकी लावून बसला. शिवा नुसता पाण्याकडे बघत उभा.

"लहानपणी याच दगडावरनं तू पाण्यात पडलेलास," हसननं हाक मारून सांगितलं. शिवा हसला नाही. हसननं मग गरीला नवी बेडकी लावली.

खवल्या नावाचे दोन मासे लागले, बोटाएवढे. ऊन डोक्यावर आलं. शकूनं दिलेल्या भाकरी कुणी सोडल्या नाहीत. शिवाला राहून राहून वाटत होतं की आत्ता कुणीतरी बांधावरून धावत येईल आणि हाक मारील.

मग बांधाच्या कोपऱ्यात त्यालाच ते दिसलं. पाण्यावर लालसर डाग, आणि त्यात पावसाचे थेंब पडावेत तशी बारीक खळबळ. मरळीची पिल्लं. त्यांच्या खाली काळी, हातभर लांब सावली हळू फिरत होती.

"तुळशा! हितं! टाक हितं!"

तुळशीराम आला, त्यानं पाहिलं आणि दोरी गुंडाळायला लागला.

"काय करतोस?"

"पिल्लांवरची हाय. नाय मारायची."

"अरे, पण मिळंल ती!"

"मिळंल रे. पिल्लांत काय पण टाकलं तरी ती चावायला येतेच. म्हणूनच नाय मारायची. माझ्या बापानं कधी मारली नाय, मीपण नाय मारणार."

"जोडीतली दुसरी असंल ना सांभाळायला," पलीकडून धावत आलेला हसन मध्ये पडला.

"नीट बघ, खाली एकच सावली हाय. दुसरी कुणीतरी नेली."

शिवाचा आवाज फाटला. "माझ्या घरी पण दोन पिल्लं हायत, तुळशा! त्यांची आय मरतेय! तुला माशांची पिल्लं दिसतात?"

तुळशीरामनं मान खाली घातली. पण काठी सोडली नाही. "आजून दिवस हाय. दुसरी बघू."

"दुसरी कुठली? सकाळधरनं काय लागलं?" शिवानं त्याच्या हातातून काठी हिसकावली. तुळशीराम मागं बांधावर बसला तो उठलाच नाही.

शिवाला तशी दोरी फेकता येत नव्हती. गरी आधी झुडपात अडकली, मग त्याच्याच सदऱ्यात. शेवटी तो कंबरभर पाण्यात शिरला आणि पिसं नुसती पिल्लांवर लोंबकळवली. पाणी फुटलं. काठी वाकली, दोरी त्याच्या बोटांतून सरकली आणि बोट कापत गेली. मरळ कमळाच्या मुळांकडे धावली. शिवा सगळं बळ लावून ओढायला लागला. आता दोरी तुटणार, हे हसनलाही काठावरून दिसलं.

"ओढू नको!" मागून तुळशीराम ओरडला. "ढील दे! ढील दे, शिवा! थांब... आता घे, हळू घे!"

तो सांगत गेला आणि शिवा तसं करत गेला. अखेर हसननं पाण्यात उडी टाकून मरळ कुशीत धरली आणि काठावर आणली.

घरी शकूनं नुसतं हळद-मीठ घालून पातळ कालवण केलं. शिवानं वेणूचं डोकं मांडीवर घेतलं. एक घोट. दुसरा. तिनं डोळे मिटले आणि तिच्या गळ्याशी हालचाल झाली. आता बाहेर पडणार, म्हणून शकूनं परात पुढं केली. वेणूनं गिळलं. मग म्हणाली, "आजून दे."

शिवा रडायला लागला. तिचं डोकं मांडीवरून हलू नये म्हणून तो ताठ बसूनच रडला.

ती झोपल्यावर ओटीवर बसलेला हसन म्हणाला, "तुळशा आजून परत आला नाय."

दोघं तळ्यावर गेले तेव्हा सूर्य कलला होता. तुळशीराम बांधाच्या कोपऱ्यात पाण्यात उभा होता, हातात झावळी. बगळे झुडपांवर येऊन बसत, तो झावळी हलवून त्यांना उठवी. लालसर डाग दुपारच्या निम्माही राहिला नव्हता.

"प्याली?" त्यानं विचारलं.

"प्याली. पोटात ऱ्हायलंय."

"बरं झालं." त्यानं पुन्हा झावळी हलवली. "वरनं येतात त्यांना हाकलता येतं. खालनं मासे येतात त्यांना काय करू?"

शिवा पाण्यात उतरून त्याच्या शेजारी उभा राहिला. हसनही आला. पाणी दिसेनासं होईपर्यंत तिघं बगळे हाकलत होते. दुसऱ्या दिवशी शिवा एकटाच जाऊन आला. कोपऱ्यात काही नव्हतं.

मरळीचं कालवण संपल्यावर वेणूनं पुन्हा मरळ मागितली. "तळ्यात नाय आता," शिवा म्हणाला आणि तिच्यापुढं पेजेची वाटी धरली. तिनं जरा तोंड वाकडं केलं, पण पेज प्यायली, आणि तीही पोटात राहिली.