माझ्या वहीतला खुनी

माझी नातसून मोबाइलवर खुनाच्या मालिका बघते. खुनी कोण हे ती मला आधीच सांगते आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. मी उठून आत जाते.

आमच्या वेळी पडेगावात अख्ख्या गल्लीत एकच टीव्ही होता, आमचा. बुधवारी रात्री आठला तसलीच एक मालिका लागायची. तीत एक डॉक्टर होता. एकामागून एक खून करणाऱ्या माणसाला तो न बघताच ओळखायचा. प्रेत कुठं पडलंय, गाठ कशी मारलीय, घाव कसा, एवढ्यावरून सांगायचा, हा एकटा राहतो, हा कुणाशी बोलत नाही, हा पुन्हा येणार. आम्ही पंचवीसएक माणसं सतरंजीवर श्वास रोखून बसायचो.

त्याच हिवाळ्यात आमच्या नाल्यात खून व्हायला लागले. सरपण वेचायला गेलेल्या बायका, भर दुपारी, दोरीनं गळा आवळून. दीड महिन्यात तीन. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर तापलेलं, पोलीस सगळे तिकडं बंदोबस्ताला. वाळूजच्या कंपन्यांत भरती चाललेली, रोज नवे चेहरे खोल्या शोधत यायचे. कुणावर भरवसा ठेवावा कळेना.

मी मॅट्रिक झालेली. त्या डॉक्टरासारखी मीही वहीत लिहायला लागले. दोरी बाळगणारा. नाल्याच्या वाटा ठाऊक असलेला. एका जागी न राहणारा. कमी बोलणारा. मालिका संपली की बायका म्हणायच्या, "द्वारकावहिनी, आता तुमचं वाचा." मी वाचायचे. खरं सांगते, मला ते आवडायचं.

मंगळवारी तिसरा खून झाला, त्यानंतरच्या रविवारी, दिवस कलताना, ओट्यापुढं गलका झाला. ह्यांचे थोरले चुलतभाऊ नानासाहेब, सात-आठ तरणे गडी आणि मधे भिकन धनगर. तो दर हिवाळ्यात नानांच्या रानात मेंढ्या बसवायला यायचा. लेंडीखतासाठी नानाच बोलवायचे. आता त्याचे हात त्याच्याच लोकरीच्या दोरीनं बांधले होते आणि ओठ फुटला होता.

"द्वारका, वही आण," नाना म्हणाले. "वाच याच्यासमोर."

मी वाचू लागले. दोरी.

"हाय!" एकजण ओरडला.

एका जागी न राहणारा.

"हाय! मागच्या महिन्यात मिटमिट्याला व्हता."

कमी बोलणारा.

"बोलंल कसा? मेंढरांत राहून में में करायलाय!"

सगळे हसले. एकाच्या हातात कुऱ्हाड होती, तो हसला नाही. "पोलिसांची वाट कोण बघतंय," तो म्हणाला. "हितंच निकाल लावू."

मी वही मिटली.

"मालक, मंगळवारी मी हितं नव्हतोच," भिकन म्हणाला. "शहर बंद व्हतं त्या दिशी. कोकराला जनावरांच्या दवाखान्यात नेलं, तर कुलूप. इद्यापीठाच्या रस्त्याला नामांतराचा मोर्चा व्हता, त्यात मलाबी पोलिसांनी अडिवलं. दिवस मावळंस्तोवर सोडलं नाय."

"साक्षीला कोण? कोकरू?"

तेवढ्यात आमचे हे सायकल हातात धरून आले. भिकननं हनुवटीनं त्यांच्याकडं दाखवलं. "हे साहेब व्हते की तिथं. मला पाणी दिलं ह्यांनी."

नाना आधी हसले, मग थांबले. नामांतराच्या विरोधात त्यांनी मारुतीच्या पारावर सभा घेतली होती. आमचं घर त्यांच्या जागेत होतं. "बद्री? तू मोर्चात?"

"मी कामावर होतो," हे म्हणाले. हळूच.

कुणीतरी भिकनच्या पाठीत लाथ घातली. "साहेबाला मधे ओढतो व्हय रं!" तो गुडघ्यावर पडला. कुऱ्हाडवाला पुढं सरकला.

हे रोज सायकलनं नाल्यावरून फाट्यावर जाऊन कंपनीची बस धरायचे, पण मंगळवारी ती आलीच नव्हती. हे डबा घेऊन सायकलवर गेले होते आणि अंधार पडताना परतले, धुळीनं माखलेले. कुठं होता विचारलं तर म्हणाले, कामावर. त्याच दिवशी दुपारी तिसरी बाई गेली होती. पाच दिवस मी वहीतली एकेक खूण मनातल्या मनात ह्यांना लावून बघत होते, आणि ह्यांच्या शेजारी जेवत होते.

"अहो," मी म्हणाले.  "मंगळवारी कंपनी बंद होती. तुमच्या कॅरिअरला दोरी आहे. नाल्याची वाट तुमची रोजची. तुम्हीपण कमी बोलता. कुठं होता ते सांगा, नाहीतर मी यात तुमचं नाव लिहिते."

"द्वारका, तोंड आवर!" नाना गरजले.

ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली. ती घसरली, पडली. उचलली नाही.

"मोर्चात होतो," हे म्हणाले. "माझ्या मशीनवरचा जोडीदार आहे, कडुबा. त्याच्यासंगं गेलो. हा भिकन बारा वाजल्यापासून माझ्याशेजारी बसून होता. ह्याचं कोकरू माझ्या मांडीवर मेलं."

 कुऱ्हाडवाल्यानं कुऱ्हाड खाली केली.

नाना ओट्याच्या पायरीवर थुंकले. "उद्या सकाळी घर खाली कर," म्हणाले आणि निघाले. बाकीचे एकेक करून पांगले. जाताना कुणी भिकनकडं बघितलं नाही.

मी त्याच्या हाताची गाठ सोडू लागले. लोकर घट्ट बसली होती, शेवटी दात लावावे लागले. हात मोकळे झाल्यावर त्यानं ओठावरचं रक्त पटक्यानं पुसलं.

"बाई, ते वाचून दाखवलं त्यात माझं नाव कुठं हाय? दावा मला."

मी वही उघडली. "तुझं नाव नाही लिहिलेलं, भिकन."

"मंग ह्या समद्यांला दिसलं कसं?"

  त्यानं खाली पडलेली दोरी गुंडाळून खांद्यावर टाकली आणि रानाकडं निघाला. अंधाराच्या आत त्याला मेंढ्यांभोवतीची जाळी काढून नानांच्या रानातून निघायचं होतं.