तिसऱ्या दगडावरचा डाग

“सूनबाई, दगडाला तेल लावायचं न्हाई. ते आत मुरतं, मंग निगता निगत न्हाई,” असं गावच्या भिमाजी आबांनी चैतालीला लग्नानंतर पहिल्याच भेटीत बजावलं होतं. पवनानगरच्या वरच्या माळावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी उभे केलेले पाच दगड, शेजारी संरक्षित स्मारकाचा निळा फलक आणि रोजंदारीवर राखण करणारे आबा. चैताली तेव्हा हसली होती. रसायनशास्त्र शिकलेली बाई दगडाला कशाला तेल लावेल?

पण तिची लेक यशू चौदा महिन्यांची झाली तरी पाऊल टाकेना. डॉक्टर म्हणाले, थांबा. चैतालीला तेवढंच जमत नव्हतं. शेजारचं पोर चालताना दिसलं की ती यशूला पुन्हा पुन्हा उभं करून बघायची. सासूबाई, म्हणजे सरुबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तुज्या नवऱ्यालाबी तिसऱ्या दगडाला तेल लावून उभा केलता. दुसऱ्या दिशी पळाया लागला.”

आबा जेवायला गेलेले पाहून ती खोबरेलाची वाटी घेऊन माळावर गेली. दगडाला तेल चोळलं, यशूला धरून उभं केलं. तेलकट दगडावरून इवलेसे हात सटकले आणि पोरगी धपकन खाली बसली.

आठवड्यानं पुरातत्त्व खात्याच्या अनघा मॅडम पाहणीला आल्या. काळा डाग लांबूनच दिसत होता.

“हे कुणी केलं?”

आबांनी आधी डागाकडे पाहिलं, मग कुंपणाबाहेर उभ्या चैतालीच्या कडेवरच्या यशूकडे. “माज्या हातनं सांडलं.”

“मग उद्यापासून येऊ नका, आबा.”

चैताली पायवाटेला लागली होती. दहा पावलांवरून परत फिरली.

“मॅडम, तेल मी लावलं. यांनी तर नको म्हणून सांगितलं होतं.”

“फलक वाचता येतो ना तुम्हाला?”

“वाचूनच आत गेले होते.”

मॅडमनी कपाळाला हात लावला. तिच्याकडून लेखी माफी घेतली, आबांना कामावर ठेवलं. मुरलेलं तेल शोषून घ्यायला डागावर मुलतानी मातीचा लेप त्यांच्या माणसानं दिला. तो वाळून पडेपर्यंत रोज राखण करायची, ही शिक्षा चैतालीची.

तीन आठवडे ती यशूला घेऊन जात होती. एका सकाळी यशू आबांच्या धोतराचा सोगा धरून उभी राहिली. ते सरकले तशी तीही सरकली. एक पाऊल, दोन, तीन.

“आता मला तेल लावू नगा म्हंजे झालं,” आबा म्हणाले.

नवऱ्याच्या बदलीपायी चैताली आता लोणावळ्यात राहते. डाग फिका झालाय, गेलेला नाही. आबांचा फोन मात्र सोमवारपासून लागत नाही, आणि ते उन्हात पाणी प्यायला विसरतात. म्हणून ती तिकडे निघालेल्या प्रत्येकाला सांगते, तुम्हालाही सांगतेय: पवनानगरला गेलात तर तेवढं माळावर चढा. दगडाला हात लावू नका. तिसऱ्या दगडाच्या सावलीत आबा बसलेत का, आणि त्यांच्या बाटलीत पाणी आहे का, तेवढं बघून या.