पाठीवरचा खोटा आकडा

मित्रांनो, मी एक जुना पॉवर सप्लाय आहे. जुना म्हटलं तरी माझं वय जेमतेम चार वर्षांचं. माझ्याच कामाचे, पण नीट घडवलेले डबे दहा-दहा वर्षं कुरकुर न करता राबतात. मी दोनच वर्षांत जळालो आणि जळताना एका माणसाचा आवाज सोबत घेऊन चाललो होतो. तीच हकीकत तुम्हाला सांगायची आहे.

कॉम्प्युटरच्या खोक्यामागे जाळीआड एक पंखा फिरताना दिसतो ना, ती माझी जागा. भिंतीतून येणारी वीज फार जोरकस असते. ती तशीच आत शिरली तर नाजूक भाग क्षणात करपतील. तिला आवरायचं, शांत करायचं आणि ज्याला जेवढी पचेल तेवढीच वाढायची, हे माझं काम. पंगतीत वाढणाऱ्याकडे जेवणारे फारसे बघत नाहीत, तसं माझ्याकडेही कुणी बघत नाही.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. माझ्या हिरव्या पट्टीवर सुटे भाग बसवणाऱ्या बाईंचा हात फार चपळ होता. प्रत्येक भागासाठी पट्टीवर छिद्रं पाडलेली होती आणि शेजारी त्याचं नाव छापलेलं होतं. पण काही छिद्रांपाशी आल्या की त्या बाई भाग न बसवता तारेचा एक तुकडा लावत आणि पुढे सरकत. शेजारी नव्याने कामाला लागलेली मुलगी होती. तिने विचारलं, "मावशी, इथे काही बसवायचं नाही का?"

"यादीत नाही," मावशी म्हणाल्या. "यादीत नाही ते बसवायचं नाही. आणि विचारायचंही नाही. हात चालव."

त्या रिकाम्या जागा कशाच्या होत्या हे मला फार उशिरा कळलं. एक भाग विजेचा एकाएकी आलेला झटका अडवणारा होता. दुसरा, माझ्या आत काही बिनसलं तर मला तिथल्या तिथे बंद पाडणारा. तेवढे वगळून माझं झाकण लागलं. पाठीवर चकचकीत लेबल चिकटलं, '५०० वॅट'. खरं तर माझ्यात त्याच्या निम्मीही ताकद नव्हती. परीक्षा एवढीच झाली की मला विजेला जोडलं आणि पंखा फिरला. झालो पास! मित्रांनो, मलाही तेव्हा अभिमान वाटला. पाठीवर लिहिलंय म्हणजे ते खरंच असणार, असं मला वाटलं.

तिथून मी एका दुरुस्तीवाल्याच्या दुकानात पोचलो. जिन्याखालचं ते दुकान एवढं अरुंद होतं, की दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला बाहेर उभं राहावं लागे. एके दिवशी एक बाई बंद पडलेला कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून घेऊन आली. तिचा जीव वरखाली होत होता.

"दादा, आतलं काही गेलं नसेल ना? माझ्या बाबांचा आवाज आहे यात."

दुरुस्तीवाल्याने खोकं तपासलं. "आतलं सगळं शाबूत आहे, ताई. पॉवर सप्लाय तेवढा गेलाय." त्याने फळीवरून दोन डबे काढले आणि तिच्या दोन्ही हातांत एकेक दिला. एक जड होता. दुसरा मी. "वजन बघा. फरक वजनातच कळतो."

तिने बराच वेळ आम्हाला दोघांना तोललं. मग म्हणाली, "खरं सांगू का दादा, दवाखान्याने आम्हाला पार पिळून काढलंय. सध्या या हलक्या, स्वस्त डब्यावर भागवू. चालेल ना?"

दुरुस्तीवाला घुटमळला. "चालेल तसा," तो म्हणाला.

त्या दोन शब्दांवर मी तिच्या घरी गेलो.

तिथे गेल्यावर मला 'बाबांचा आवाज' म्हणजे काय ते उमगलं. तिचे बाबा, म्हणजे त्या घरातले आजोबा, बसस्थानकावर निवेदक होते. गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे हे त्यांनी तीस वर्षं लोकांना सांगितलं. मग घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढावं लागेल असं सांगितलं. शस्त्रक्रियेआधी तीन आठवडे हाताशी होते. त्या तीन आठवड्यांत लेकीने त्यांना रोज माइकसमोर बसवलं आणि बाराशे वाक्यं बोलून घेतली. आता ते कॉम्प्युटरचं एखादं बटण दाबत आणि त्यांचाच भरदार आवाज खोलीत घुमे.

त्यातली कितीतरी वाक्यं त्यांनी मुद्दाम स्थानकाच्या थाटात म्हटली होती. "कृपया लक्ष द्या! स्वयंपाकघरातून सुटणारा चहा नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिराने धावत आहे." मग लेक आतून ओरडे, "बाबा, ऐकलं हं! प्रवाशांनी धीर धरावा!"

त्या घरात मी दोन वर्षं काम केलं. "हलका म्हणून घेतला, पण काय सुरळीत चालतोय!" असं लेक पाहुण्यांना सांगे. मला फार बरं वाटे. पण कॉम्प्युटरसकट मला कपाटाच्या बंद खणात ठेवलं होतं, कारण बाहेर वायरी दिसल्या की खोली गबाळी वाटे. खणात हवा नव्हती. जाळीवर धुळीचा थर जमला. उन्हाळ्यात माझं अंग एवढं तापे, की आत वीज साठवून शांत करणारे छोटे डबे, कपॅसिटर म्हणतात त्यांना, हळूहळू माथ्याशी फुगू लागले. पंखा करकरायचा. लेक खणाचं दार थोडं आणखी घट्ट लावून घेई, म्हणजे आवाज कमी येई.

त्या घरात पाच वर्षांची एक नात होती. एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिचा जन्म आजोबांच्या शस्त्रक्रियेनंतरचा. त्यामुळे बाराशे वाक्यांत तिचं नावच नव्हतं. तिला बोलवायचं तर आजोबा 'इकडे या' हे बटण दाबत. ते वाक्य त्यांनी पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलं होतं. भिंगरी कंबरेवर हात ठेवून म्हणे, "आजोबा, मला 'या' काय म्हणता? मी काय मोठी बाई आहे?" आजोबा हसत. हसण्याचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत.

एके दिवशी लेकीच्या आतेभावाचा फोन आला. त्याने सांगितलं, आता असा प्रोग्राम निघालाय की जुन्या ध्वनिफितींवरून तो माणसाचा आवाज शिकतो आणि मग न बोललेलं वाक्यही त्याच आवाजात म्हणतो. त्याला ताकदीचं ग्राफिक्स कार्ड मात्र लागतं. ते त्याने पाठवूनही दिलं. लेकीने पाटी काढून आजोबांना विचारलं, "बाबा, पहिलं काय बोलायचं?" आजोबांनी पाटीवर एकच शब्द लिहिला, 'भिंगरी'.

कार्ड बसवताना आतेभाऊ फोनवरून सूचना देत होता. "पॉवर सप्लाय केवढा आहे गं? पाठीवर काय लिहिलंय?"

लेकीने वाकून वाचलं. "पाचशे."

"मग झकास! चारशेत आरामात भागतं."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्याच क्षणी ओरडलो असतो.

शनिवारी सकाळी प्रोग्राम आवाज शिकायला बसला. लेक बाजारात गेली होती. आजोबा खुर्चीत बसले होते आणि भिंगरी टेबलाखाली पालथी पडून चित्र रंगवत होती. नव्या कार्डाने माझ्याकडे वीज मागायला सुरुवात केली. मी दिली. त्याने आणखी मागितली. माझं अंग भाजू लागलं, आतलं प्लास्टिक वितळू लागलं, तरी मी देत राहिलो. मला थांबवणारा भागच माझ्यात नव्हता.

"आजोबा, कसला तरी घाण वास येतोय," भिंगरी म्हणाली.

आजोबांना वास येत नसे. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा श्वास गळ्यावरच्या छिद्रातून चाले. नाकातून हवा जातच नसे. ते उठून स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद असल्याचं पाहिलं आणि परत आले. नातीला धीर द्यायला त्यांनी बटण दाबलं. त्यांचा आवाज म्हणाला, "काही काळजी करू नकोस."

आणि माझ्या आत फटाका फुटावा तसा स्फोट झाला. जाळीतून ज्वाळेची जीभ बाहेर आली. खणात धूर कोंदला. आजोबांनी ओरडायला तोंड उघडलं, पण काहीच निघालं नाही. मग त्यांनी भिंगरीचा फ्रॉक धरून तिला टेबलाखालून ओढून काढलं, पाठीशी घातलं आणि दुसऱ्या हाताने भिंतीवरचं बटण बंद केलं. ज्वाळा विझली. खिडकीचा पडदा खणापासून वीतभर लांब होता.

लेक आली तेव्हा दोघं एकमेकांना धरून जमिनीवर बसलेले होते. तिने आधी पोरीला चाचपलं, मग बाबांना. मग तिची नजर कॉम्प्युटरच्या काळ्या स्क्रीनवर गेली. तिने टेबलाचा खण उघडला. वाक्यांची दुसरी प्रत करायला आणलेला पेन ड्राइव्ह अजून पाकिटातच होता. "येत्या रविवारी, येत्या रविवारी म्हणत राहिले मी," ती रडू लागली. "आणि तो हलका डबाही मीच घेतला."

आजोबांनी पाटी ओढली. लिहिलं, 'पोर वाचली. रडतेस काय?'

दुरुस्तीवाल्याने मला टेबलावर घेऊन उघडलं. लेक समोर उभी होती. त्याने पेचकसाच्या टोकाने एकेक रिकामी जागा दाखवली. "हे बघा ताई, इथे भागाचं नाव छापलंय आणि भाग नाही. जाता जाता याने जादा वीज हार्ड डिस्कवर सोडली, वाक्यं जिच्यात साठवलेली होती तिच्यावर." मग मान खाली घालून म्हणाला, "हा मी विकलेला आहे. हलका आहे हे मला माहीत होतं. त्या दिवशी मी तोंड उघडायला हवं होतं."

लेकीने विचारलं, "आवाज मिळेल का?"

"डिस्कवरची पट्टी जळलीय. आतल्या तबकड्या वाचल्या असतील तर मिळेल. वचन नाही देत."

त्याला अगदी तशीच जुनी डिस्क शोधायला दोन महिने लागले. तिची पट्टी काढून त्याने आजोबांच्या डिस्कला बसवली, तीही भिंग लावून, श्वास रोखून. बाराशेपैकी नव्वद वाक्यं कायमची गेली. चहाच्या गाडीचं त्यांतच होतं. बाकीची मिळाली. मला उघडलं त्याच आठवड्यात त्याने फळीवरचे माझ्यासारखे सगळे डबे खाली उतरवले आणि पाठवणाऱ्याला परत केले.

पुढचं मी त्याच्याच तोंडून ऐकलं. मला उघडाच ठेवून त्याने दुकानाच्या टेबलावर मांडलंय आणि तो ही गोष्ट गिऱ्हाइकांना सांगतो. परवा शिकवणी घेणाऱ्या एक बाई आल्या होत्या. त्यांना सांगत होता, "नवा सप्लाय बसवायला मीच गेलो होतो. खणाचं दार काढून टाकलं. तीन तास प्रोग्राम चालला. मग आजोबांनी नाव टाइप केलं. मशीनने हाक मारली, 'भिंगरी!' मी आणि ताई एकमेकांकडे बघतच राहिलो. आणि ती पोरगी आतल्या खोलीतून काय म्हणाली माहितेय? 'आले हो आजोबा, थांबा, चप्पल घालतेय!' जणू जन्मापासून रोज हाक ऐकतेय."

बाईंनी डोळे पुसले. मग जरा संकोचून म्हणाल्या, "पण मलाही फार खर्च झेपणार नाही हो."

"मग हा घ्या. तीनशे वॅटचा आहे, पण खरा तीनशेचा. तुमच्या मुलांच्या अभ्यासाला एवढा पुरे. मोठा आकडा नको, खरा आकडा हवा." बाईंनी तो हातात घेतला, मला दुसऱ्या हातात घेतलं, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "बिचारा!"

मित्रांनो, मला बिचारा म्हणणारं पहिलं माणूस ते. मला वाईट व्हायचं नव्हतं. मला अर्धवट घडवलं आणि पुरा म्हणून विकलं. पण माझ्यामुळे एक पोर भाजली असती, हेही तितकंच खरं. म्हणून सांगतो, आमच्या जाळीवरची धूळ पुसा, आम्हाला मोकळी हवा द्या, जळका वास आला तर आधी बटण बंद करा आणि जे पुन्हा मिळणार नाही त्याची दुसरी प्रत आजच करून ठेवा. आम्हाला निवडताना पाठीवरच्या आकड्यावर जाऊ नका. आमच्या पुढ्यात कुणाचा आवाज आहे की कुणाचे फोटो, हे आम्हाला कधीच कळत नाही. तुम्हाला मात्र ते ठाऊक असतं.